पुलाचा पैसा कोणाच्या खिशातून जातो

12 जानेवारी 2024 या एकाच दिवशी उलवे-उरण पट्ट्यात दोन मोठी कामे लोकांसाठी खुली झाली. एक अटल सेतू. शिवडीहून समुद्र ओलांडून न्हावा-शेवाच्या बाजूला चिर्ल्यापर्यंत येणारा हा 21.8 किलोमीटरचा रस्ता, त्यातला सुमारे 16.5 किलोमीटर पाण्यावर. दुसरे काम खारकोपरच्या पुढे थेट उरणपर्यंत जाणाऱ्या लोकलचे. उद्‌घाटन करणारे पंतप्रधान तेच, कार्यक्रमही तोच. पैशाची वाट मात्र दोन्ही कामांची अगदी वेगळी. सेतूचा बहुतेक खर्च जपानकडून घेतलेल्या कर्जातून झाला. रेल्वेचा दोन तृतीयांश खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेने उचलला आणि सिडकोकडे तो पैसा आला जमीन विकून. म्हणून सेतूवरून मोटार नेणाऱ्याला एका फेरीचे 250 रुपये मोजावे लागतात आणि उरणच्या लोकलला साध्या तिकिटावर बसता येते.

‘सरकार पूल बांधणार’, ‘हजारो कोटींचा प्रकल्प मंजूर’ अशा बातम्या आपण रोज वाचतो. हे हजारो कोटी कोणाचे, ते परत कोण करणार, अंदाज चुकला तर भुर्दंड कोणावर पडणार, हे बातमीत क्वचितच असते. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे समजून घेणे फार अवघड नाही. पैसा उभारण्याच्या बहुतेक सगळ्या पद्धती या एका शहरात, पन्नास-पंचावन्न वर्षांत, एकामागून एक वापरून झाल्या आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. सार्वजनिक बांधकामाचा पैसा शेवटी तीनच ठिकाणांहून येतो: करदात्याकडून, वापरणाऱ्याकडून किंवा जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून. बँक, जपानी संस्था, खासगी कंपनी हे चौथे ठिकाण नव्हे. ते आज पैसे देतात आणि उद्या व्याजासह किंवा नफ्यासह या तिघांपैकी कोणाकडून तरी परत घेतात. प्रकल्पाची आर्थिक रचना म्हणजे कोणी किती द्यायचे, कधी द्यायचे आणि अंदाज चुकला तर कोणी सोसायचे, याची लेखी वाटणी. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि त्याच्यावरच सर्वांत कमी बोलले जाते.

जमिनीवर उभे राहिलेले शहर

खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकात मांडली. राज्य सरकारने ती उचलली आणि 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. राज्याने सिडकोला भांडवल दिले 3 कोटी 95 लाख रुपयांचे. 344 चौरस किलोमीटरच्या शहरासाठी ही रक्कम नाममात्र होती. खरे भांडवल होते जमीन. तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या 95 गावांची शेती, मिठागरे आणि खाजण जमीन सरकारने संपादित केली आणि विकासासाठी सिडकोच्या ताब्यात दिली.

पुढचे गणित असे. शेतजमीन स्वस्तात घ्यायची. तिच्यावर रस्ते, गटारे, पाणी, वीज आणायची. जमीन राहण्याजोगी झाली की तिचे भूखंड पाडून 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. व्यापारी भूखंड निविदा काढून चढ्या भावाने, शाळा-दवाखान्यांचे कमी दराने. आलेल्या पैशातून पुढच्या नोडचे, म्हणजे उपनगराचे, रस्ते करायचे. वाशीच्या भूखंडांनी नेरूळला हातभार लावला, नेरूळने बेलापूरला, आणि हे चक्र खारघर-उलव्यापर्यंत फिरत गेले. रस्ता झाल्यामुळे जमिनीची किंमत वाढते. ती वाढ जमीन अडवून बसलेल्या सटोडियाला न जाता रस्ता बांधणाऱ्या संस्थेकडे यावी, असा यामागचा विचार. जगात अनेक शहरांनी हा विचार कागदावर मांडला. इतक्या मोठ्या प्रमाणावर तो राबवून दाखवणारी शहरे थोडी आहेत.

रेल्वेचे उदाहरण घ्या. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला तरी नवी मुंबई रखडत होती, कारण मुंबईचा नोकरदार लोकलशिवाय हलत नाही. रेल्वेकडे उपनगरी मार्गासाठी पैसा नव्हता. तेव्हा खर्चाचे 67 टक्के सिडकोने आणि 33 टक्के रेल्वेने उचलायचे, असे ठरले. मे 1992 मध्ये मानखुर्द-वाशी लोकल धावली आणि 1998 मध्ये ती पनवेलपर्यंत पोचली. उरणच्या मार्गालाही हेच 67-33 चे प्रमाण लागू झाले.

सिडकोने हे पैसे वसूल कसे केले? एक वाट तिकिटावरच्या अधिभाराची. पण मोठी वाट स्थानकांचीच. वाशी आणि बेलापूरची स्थानके पाहा: फलाटांच्या वर आणि बाजूला कार्यालयांच्या प्रचंड इमारती. मुंबईकराला पहिल्यांदा हे चमत्कारिक वाटते, पण ती रचना हिशेबातून आली आहे. रोज हजारो माणसे जिथून जाणार, तिथल्या चौरस फुटाला भाव मिळतो. याचे टोक म्हणजे सीवूड्स. तिथल्या स्थानकासह सुमारे 40 एकर जागेच्या विकासाचे हक्क 2008 मध्ये लार्सन अँड टुब्रोने 1,809 कोटी रुपयांना घेतले. स्थानक बांधून द्यायचे कंपनीने आणि वर सिडकोला ही रक्कम. आज तिथे मॉल आहे, कार्यालये आहेत आणि खाली लोकल धावते. प्रवाशाला वेगळा भार न देता स्थानक उभे राहिले, हे या पद्धतीचे यश मी मानतो.

पण या यशाचा खर्च नोंदवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. जमीन ‘स्वस्तात’ घेतली म्हणजे कोणाची तरी स्वस्तात गेली. भूखंडांचे भाव लाखांत गेले तेव्हा मूळ शेतकऱ्याच्या हातात एकरामागे मिळालेली जुनी तुटपुंजी रक्कम होती आणि तीही खर्च झालेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याचे तत्त्व पुढे आले. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी दहा गावांच्या पुनर्वसनात हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. विमानतळाच्या परिसरातल्या नैना क्षेत्रात तर सिडको आता नगररचना योजना राबवते. तिथे जमीन सक्तीने संपादित होत नाही. मालक साठ टक्के जमीन रस्ते-उद्यानांसाठी आणि सिडकोसाठी सोडतो आणि चाळीस टक्के विकसित जमीन स्वतःकडे ठेवतो. म्हणजे जमिनीच्या वाढीतला मूळ मालकाचा वाटा साडेबारावरून चाळीसवर आला. या वाटेवर पाच माणसांचा जीव गेला आहे, हे या शहरातल्या प्रत्येक नियोजकाने लक्षात ठेवायला हवे.

सेतूला साठ वर्षे का लागली

मुंबई बेटाला पलीकडच्या किनाऱ्याशी जोडणारा पूल विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने 1960 च्या दशकातच सुचवला होता. तो बांधण्याचे तंत्र नव्हते असे नाही. घोडे अडले ते पैशावर, आणि नेमके सांगायचे तर जोखमीवर.

2000 नंतर सरकारने ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ ही पद्धत अवलंबायचे ठरवले. कंपनीने स्वतःच्या पैशाने पूल बांधायचा, ठरलेली वर्षे टोल घ्यायचा आणि मग पूल सरकारला द्यायचा. सर्वांत कमी वर्षे मागणाऱ्याला काम. 2008 मध्ये निविदा उघडल्या तेव्हा अनिल अंबानींच्या रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या गटाने मुदत मागितली होती 9 वर्षे, 11 महिने आणि 1 दिवस. मुकेश अंबानींशी संबंधित सी किंग इन्फ्रास्ट्रक्चरने मागितली 75 वर्षे. एकच पूल, एकच समुद्र, तीच वाहने. तरीही अंदाजात 65 वर्षांचा फरक. ती निविदा रद्द झाली. त्या दोन आकड्यांवरून एवढे मात्र कळले, की या पुलावरून किती गाड्या जातील हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते.

मग काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे गेले. प्रकल्पाची किंमत तेव्हा 9,630 कोटी धरली होती. टोलमधून सगळा खर्च निघणार नाही हे मान्य करून सरकारने तफावत निधीची तयारी केली. ही केंद्राची योजना आहे. प्रकल्प समाजाला उपयोगी, पण कंपनीला परवडत नाही, अशा वेळी केंद्र खर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम परत न मागता देते आणि राज्य आणखी 20 टक्क्यांपर्यंत देऊ शकते. केंद्राने 2012 मध्ये 1,920 कोटी मान्य केले. पाच गट पात्र ठरले. ऑगस्ट 2013 मध्ये निविदा भरण्याची मुदत संपली तेव्हा पेटीत एकही निविदा नव्हती. चाळीस टक्के खर्च सरकार देत असतानाही उरलेल्या साठ टक्क्यांची जोखीम घ्यायला कोणी पुढे आले नाही.

याचा निष्कर्ष सरकारने अखेर मान्य केला: समुद्रातल्या पायाखालचा भूगर्भ, वाहनांची संख्या, परवानग्यांचा वेळ, ही जोखीम खासगी कंपनी पेलू शकत नाही किंवा पेलायची तर भयंकर किंमत मागते. ती सरकारनेच घ्यावी आणि स्वस्त, दीर्घ मुदतीचे कर्ज शोधावे. तिथे जायका आली, म्हणजे जपान सरकारची विकासकर्ज देणारी संस्था. एप्रिल 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक महत्त्वाचा धोरणात्मक निर्णय घेतला. आर्थिक स्थिती चांगली असलेल्या राज्याच्या संस्थांना परदेशी विकाससंस्थांकडून थेट कर्ज घेता येईल. त्याचा पहिला लाभ एमएमआरडीएला झाला. तेव्हाचा खर्चाचा अंदाज 17,854 कोटी, त्यात जायकाचे कर्ज 15,109 कोटी, म्हणजे जवळजवळ 85 टक्के. कर्ज टप्प्याटप्प्याने मिळाले: पहिला टप्पा 144.795 अब्ज येनचा, 2020 मधला दुसरा 66.909 अब्ज येनचा.

या कर्जामागची हमीची साखळी लक्षात घेण्याजोगी आहे. कर्ज फेडायचे एमएमआरडीएने. तिला हमी राज्य सरकारची आणि राज्याच्या हमीला प्रतिहमी केंद्राची. टोल कमी पडला तर एमएमआरडीए आपल्या दुसऱ्या उत्पन्नातून भरेल, आणि तिचे मोठे उत्पन्न आहे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भूखंडांचे. म्हणजे तिथेही अखेर जमीनच. तेही पुरले नाही तर राज्याची तिजोरी, मग देशाची. 2013 मध्ये जी जोखीम घ्यायला पाच गटांपैकी एकही तयार झाला नाही, ती अशा रीतीने करदात्याने घेतली. त्यात चलनाची जोखीमही आली. कर्ज येनमध्ये, टोल रुपयांत. येन महागला तर हप्ता महागतो.

मला हा निर्णय योग्य वाटतो. सरकारला जितक्या स्वस्त दराने कर्ज मिळते, तितक्या स्वस्त कोणत्याही कंपनीला मिळत नाही. शंभर वर्षे टिकायच्या पुलासाठी स्वस्त कर्ज ही फार मोठी बाब आहे. माझा आक्षेप एवढाच, की जोखीम करदात्याने घेतली आहे हे करदात्याला कोणी स्पष्ट शब्दांत सांगितले नाही.

निविदेपासून पुलापर्यंत

पैसा ठरला म्हणजे काम सुरू होते असे नाही. आधी सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात. त्यात मार्ग, मातीची चाचणी, वाहनांचा अंदाज, खर्च. मग परवानग्या, आणि या भागात त्यांचा गुंता मोठा. किनारा म्हणून सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. खारफुटी म्हणून वन विभाग आणि शिवाय मुंबई उच्च न्यायालय, कारण न्यायालयाच्या आदेशानुसार सार्वजनिक कामासाठीसुद्धा खारफुटी तोडायची तर त्याची परवानगी लागते. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात म्हणून त्यांची काळजी, तिथे आवाजरोधक भिंती. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला दृष्टीआड करणारे अडथळे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या हद्दीतून जायचे म्हणून बंदराची संमती. कोळी बांधवांच्या मासेमारीचे नुकसान म्हणून भरपाई. यातला प्रत्येक कागद योग्य कारणासाठी आहे. लोक म्हणतात परवानग्यांमुळे काम रखडते. पण बहुतेक वेळा ते रखडते परवानगीचा अर्ज वर्क ऑर्डरनंतर केल्यामुळे.

मग निविदा. सेतूचे काम एकाच कंत्राटदाराला न देता तुकड्यांत विभागले. शिवडीकडचा 10.38 किलोमीटरचा भाग लार्सन अँड टुब्रो आणि जपानच्या आयएचआय यांना, 7,637 कोटींना. मधला 7.8 किलोमीटरचा भाग कोरियाच्या देवू आणि टाटा प्रोजेक्ट्स यांना, 5,612 कोटींना. चिर्ल्याकडचा जमिनीवरचा 3.6 किलोमीटरचा भाग पुन्हा लार्सन अँड टुब्रोला, 1,013 कोटींना. टोल आणि वाहतूक नियंत्रण यंत्रणेचे चौथे कंत्राट वेगळे. तुकडे केल्याने एक कंत्राटदार बुडाला तरी सगळा पूल अडकत नाही. उलट तुकड्यांच्या सांध्यावर वाद होण्याची शक्यता वाढते, म्हणून सगळ्यांवर देखरेख करणारा सल्लागार नेमावा लागतो.

कंत्राट कोणत्या पद्धतीचे आहे, यावर अर्धे भवितव्य ठरते. जुनी पद्धत बाबनिहाय दराची. सरकारी अभियंते नकाशे देणार, कंत्राटदार प्रत्येक घनमीटर काँक्रीटचा दर भरणार, जेवढे काम तेवढे बिल. यात खोदताना अनपेक्षित खडक लागला तर वाढीव खर्च सरकारचा. दुसरी पद्धत संकल्पचित्रासह ठोक रकमेची. काय हवे ते सरकार सांगते. कसे बांधायचे ते कंत्राटदार ठरवतो आणि ठरलेल्या रकमेत देतो. सेतूला दुसरी पद्धत वापरली. म्हणूनच आयएचआयसारख्या कंपन्यांना आपले तंत्र आणता आले. मोठ्या गाळ्यांसाठी तिथे पोलादी डेक वापरले आहेत. असे 70 गाळे, त्यातला सर्वांत लांब 180 मीटरचा. पोलाद काँक्रीटपेक्षा हलके. त्यामुळे खांब लांब-लांब ठेवता येतात आणि जहाजांना, होड्यांना वाट मिळते. भारतात समुद्री पुलावर हे तंत्र पहिल्यांदाच आले. त्याचे सुटे भाग परदेशातल्या कारखान्यांत बनले, बोटीने आले, इथे जोडले गेले आणि तराफ्यांवरून नेऊन चढवले गेले.

कंत्राटदाराला पैसा एकदम मिळत नाही. सुरुवातीला यंत्रसामग्री जमवण्यासाठी हमीपत्रावर आगाऊ रक्कम, मग ठरलेले टप्पे पूर्ण होतील तसे रनिंग बिल. प्रत्येक बिलातून थोडी रक्कम राखून ठेवतात. काम संपल्यावरही दोषदायित्वाचा काळ असतो. त्या काळात तडा गेला, सांधा उघडला तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने. उशीर झाला तर दंड, सिमेंट-पोलाद महागले तर ठरलेल्या सूत्राने भाववाढ. आणि उशीर नेमका कोणामुळे, हा वाद मग लवादापुढे वर्षानुवर्षे चालतो. जागा वेळेवर ताब्यात दिली नाही तर दंड बाजूलाच राहतो, उलट सरकारच कंत्राटदाराचे देणे लागते. म्हणून भूसंपादन पुरे होण्याआधी झालेले भूमिपूजन पाहिले की मला आनंदाऐवजी काळजी वाटते.

सेतूचे भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झाले, कंत्राटे 2017 च्या अखेरीस दिली गेली, प्रत्यक्ष काम 2018 मध्ये सुरू झाले. साडेचार वर्षांची मुदत होती. मध्ये कोविड आला आणि सव्वा वर्षाच्या आसपास उशीर झाला. आपल्याकडच्या मानाने हे काम शिस्तीचे म्हणावे लागेल.

शेजारच्या बेलापूर-पेंधर मेट्रोचा अनुभव वेगळा. 11 किलोमीटर, 11 स्थानके, सगळे उन्नत मार्गावर, समुद्र नाही की बोगदा नाही. काम 2011 मध्ये सुरू झाले. गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 रोजी. पैसा सिडकोचा होता, कर्जासाठी परदेशी दार ठोठावायचे नव्हते. तरीही बारा वर्षे लागली, कारण सिडकोकडे मेट्रो बांधण्याचा अनुभव नव्हता. स्थानकांच्या कामाचे कंत्राट मोडून पुन्हा द्यावे लागले आणि अखेर नागपूर-पुण्याचा अनुभव असलेल्या महामेट्रोला बोलावून गाडी रुळावर आणावी लागली. खर्च तीन हजार कोटींच्या वर गेला. सिडकोची तिजोरी भरलेली असूनही मेट्रो वेळेत झाली नाही. कंत्राट हाताळणारी, जाणकार, एका जागी टिकणारी माणसे तितकीच लागतात, आणि ती नेमण्यावर आपण प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने फारच थोडे खर्च करतो.

टोलनाका

टोलाविषयी आपल्याकडे राग आहे आणि त्यातला बराच रास्त आहे. पण टोल बंद केला की खर्च नाहीसा होतो, हा समज चुकीचा.

वाशीचा नाका हे उत्तम उदाहरण. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर, म्हणजे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, येथे टोल सुरू झाला तो 1990 च्या दशकात हाती घेतलेल्या मुंबईतल्या 55 उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी. 2010 मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाने पुढच्या सोळा वर्षांच्या वसुलीचे हक्क एका खासगी कंपनीला 2,100 कोटी रुपये आगाऊ घेऊन दिले. म्हणजे 2026 पर्यंत वाशीला भरायचा टोल महामंडळाने 2010 मध्येच घेऊन टाकला होता. घराचे भाडे सोळा वर्षांचे एकदम उचलावे, तसे.

ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्य सरकारने या पाचही नाक्यांवर मोटारींना टोलमाफी दिली. मोटारवाल्यांचे फेरीमागे 45 रुपये वाचले. पण कंपनीने आगाऊ पैसे भरलेले, तिच्या हक्काचे काय? भरपाई द्यावी लागली, आणि त्यासाठी पुढे अवजड वाहनांच्या टोलची मुदत सप्टेंबर 2029 पर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. मोटारीचा टोल मालमोटारीवर गेला. वाशीच्या बाजारात येणारा कांदा-बटाटा मालमोटारीतूनच शहरात जातो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचेही असेच. 2002 मध्ये पूर्ण झालेल्या या रस्त्याच्या वसुलीचे हक्क 2004 मध्ये 918 कोटी आगाऊ घेऊन पंधरा वर्षांसाठी दिले. ती मुदत संपल्यावर टोल बंद होईल अशी अनेकांची अपेक्षा होती. 2020 मध्ये तेच हक्क 8,262 कोटींना पुन्हा दिले गेले, त्यातले 6,500 कोटी सुरुवातीलाच, 2030 पर्यंतच्या मुदतीसाठी. तयार रस्त्याचा टोल आगाऊ विकून नव्या कामांना पैसा उभा करणे हे व्यवहार म्हणून चूक नाही. मात्र ‘या रस्त्याचा खर्च वसूल झाला का’ हा प्रश्न मग निरर्थक होतो, कारण आपण भरतो तो टोल त्या रस्त्याचा राहिलेलाच नसतो. हे लोकांना सरळ सांगितले असते तर टोलनाक्यांवर फुटलेल्या काचांपैकी काही तरी वाचल्या असत्या.

नवी मुंबई विमानतळ हा या सगळ्या पद्धतींचा संयोग आहे. जमीन सिडकोने दिली, उलव्याची टेकडी कापण्याचे आणि नदीचे पात्र वळवण्याचे आधीचे काम सिडकोने पाहिले, कंपनीत 26 टक्के भाग सिडकोचा. 2017 च्या निविदेत जीव्हीकेने उत्पन्नातला 12.60 टक्के वाटा देऊ केला आणि काम मिळवले. 2021 मध्ये ते अदानी समूहाकडे गेले. पहिल्या टप्प्यांसाठी स्टेट बँकेने 2022 मध्ये 12,770 कोटींचे कर्ज दिले, तेव्हा आर्थिक जुळणी पूर्ण झाली आणि कामाला खरा वेग आला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्‌घाटन झाले, 25 डिसेंबरला पहिली विमाने उडाली. इथे प्रवासी कमी आले तर पहिला फटका कंपनीला आणि तिच्या बँकेला बसतो, पण सिडकोचे उत्पन्नही त्याच टक्केवारीत घटते.

आता सेतूच्या वाहनांकडे पाहू. उद्‌घाटनाच्या वेळी रोज 70 हजारांहून अधिक वाहने जातील, असे सांगितले गेले. पहिल्या वर्षी प्रत्यक्षात रोजची सरासरी बावीस-तेवीस हजारांच्या घरात राहिली. यावरून पूल फसला असे म्हणणारे घाई करतात. विमानतळ तेव्हा सुरू नव्हता, जोडरस्ते अपुरे होते आणि पूल वर्षभरासाठी बांधलेला नसतो. पण अंदाजाच्या एक तृतीयांश वाहने म्हणजे अंदाजाच्या एक तृतीयांश टोल, आणि हप्ता मात्र पूर्ण. 2008 मध्ये दोन उद्योगसमूहांना न सुटलेले गणित आज आपल्यासमोर आहे. फरक एवढाच, की उत्तर चुकल्याची किंमत आता आपण देणार.

म्हणून एमएमआरडीए आणि सिडको यांच्याकडे एक मागणी आहे. प्रत्येक मोठ्या कामासाठी दरवर्षी मराठीत एक पान छापा: किती वाहने किंवा प्रवासी अपेक्षित होते आणि किती आले, टोल किंवा तिकिटातून किती मिळाले, कर्ज किती उरले, येनचा भाव बदलल्याने किती फरक पडला, तूट कोणत्या खात्यातून भरली. ही माहिती त्यांच्या लेखा विभागात असतेच. जोवर ती आपणहून छापली जात नाही, तोवर वाचकांनी मागावी. माहितीचा अधिकार 2005 पासून कायद्यात आहे आणि अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे.